बीएस-६ ट्रकला डिझेल फिल्टर कंपनीचाच घ्यायचा की बाहेरचा चालतो?

दादा, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की गाडी २०२१ ची टेन टायर, बीएस-६, वॉरंटी संपलेली, शोरूमला दोन्ही डिझेल फिल्टरचे (चेसिसवरचा प्रायमरी आणि इंजिनवरचा सेकंडरी) मिळून ३,६०० सांगितले, बाहेरचा दुकानदार दोन्ही १,९०० ला देतोय आणि तुमचा मेस्त्री म्हणतोय "घ्या की, सगळं एकच असतंय, नुसता डबा वेगळा". मी पुणे-बेंगलोर हायवेला पंप-नोझलचं काम करतो, बावीस वर्षं झाली, फिल्टरमुळे मेलेले इंजेक्टर (इंजिनात डिझेलचा फवारा मारतात ते) रोज बाकावर येतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मेस्त्री अर्धं खरं बोलतोय. ट्रक कंपनी फिल्टर स्वतःच्या कारखान्यात करत बसत नाही, ती फिल्टरवाल्यांकडून घेते. बॉश, फ्लीटगार्ड, मान-फिल्टर, महाले, डोनाल्डसन, एलोफिक ही सगळी त्याच धंद्यातली मंडळी, त्यांच्यापैकी कुणाचा तरी माल ट्रक कंपनीच्या डब्यात येतो आणि मग त्यावर टाटा जेन्युइन पार्ट्स नायतर अशोक लेलँडच्या लेपार्ट्सचं लेबल लागतं. म्हणजे ज्यानं तुमच्या गाडीला लाईनवर फिल्टर दिला त्याचाच तोच नंबर त्याच्या स्वतःच्या डब्यात मिळाला तर तो डोळे झाकून घ्या, पैसे वाचतात आणि गाडीला फरक कळत नाही. पण "त्याचाच तोच नंबर" हे तीन शब्द महत्त्वाचे, कारण तीच कंपनी बाजारात दुसऱ्या ग्रेडचा स्वस्त फिल्टरही विकत असते आणि दुकानदार "ह्याच कंपनीचा आहे, हाच बसतो" म्हणून तो हातात देतो.

आता "बसतो" ह्या शब्दाबद्दल. स्पिन-ऑन, म्हणजे डब्यासकट फिरवून बसणाऱ्या फिल्टरचे आटे ठराविक मापाचे असतात, तेच आटे, तोच व्यास, जवळपास तीच उंची अशा डब्यात दहा मायक्रॉनचाही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फिल्टर येतो आणि तीन-चार मायक्रॉनचाही येतो, दोन्ही हेडला मस्त फिरून बसतात, लीक होत नाहीत, गाडी चालू होते, ड्रायव्हर खूश. आटे बसले म्हणजे फिल्टर बसला असं नाही. आणि मायक्रॉनचा आकडा तरी कुठं सगळं सांगतोय? डब्यावर "५ मायक्रॉन" लिहिलं की लोकांना वाटतं पाचच्या वरचं काहीच जात नाही. तसं नसतं. खरा आकडा बीटाचा. बीटा ७५ म्हणजे त्या मापाचे ७५ कण आले तर एक पलीकडे जातो, बीटा १००० म्हणजे हजारात एक. टक्क्यात बघितलं तर ९८.७ आणि ९९.९, ऐकायला सारखंच वाटतं, पण पलीकडे जाणारी घाण तेरापट झाली की हो. दोन्ही डब्यांवर "५ मायक्रॉन"च छापलेलं असू शकतं. ही टेस्ट आयएसओ १९४३८ ने करतात, चांगल्या कंपनीच्या कॅटलॉगमध्ये मायक्रॉनच्या पुढं टक्केवारी किंवा बीटा दिलेला असतो, ज्याच्या कॅटलॉगमध्ये नुसता मायक्रॉन आहे आणि पुढं काहीच नाही तिथं मी तरी सेकंडरी फिल्टर घेत नाही.

गेल्या गळीत हंगामातली गोष्ट सांगतो. उसाच्या फेऱ्या मारणारी गाडी, सहा सिलिंडर कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतनं डिझेल), मालक ओळखीचा. तक्रार काय तर सकाळी स्टार्टिंगला वेळ लागतोय, घाटात लोडला गाडी मधेच दम सोडतीय, आणि स्कॅनरला रेल प्रेशर कमीचा कोड. इंजेक्टरची रिटर्न टेस्ट लावली, सहा बाटल्या लटकवल्या, दोन बाटल्या बाकीच्यांच्या दुप्पट भरल्या, म्हणजे ते दोन इंजेक्टर आतून गळतायत. फिल्टर विचारला तर म्हणाला "आताच बदललाय, नामांकित कंपनीचा आहे, नऊ हजार किलोमीटरसुद्धा नाय झालं". डबा नामांकितच होता. मी तो फिल्टर पाइप कटरनं कापला (ग्राइंडर नाय लावायचा, त्याचा बुरा आत पडतो आणि मग आतलं काय नि बाहेरचं काय कळत नाही) आणि शेजारी त्याच नंबरचा शोरूमचा जुना फिल्टर कापून ठेवला. शोरूमच्या कागदाच्या घड्या एकसारख्या, बोटानं दाबलं तर परत सरळ होणाऱ्या, कागदाच्या आतल्या अंगाला पांढरट कापसासारखा एक थर. दुसऱ्यात घड्या कुठं तीन चिकटलेल्या कुठं बोट जाईल एवढी फट, थर नाही, साधा कागद. पण खरी गंमत खालच्या टोपीत, कागदाचा गठ्ठा टोपीला ज्या गोंदानं चिकटवतात तो एका बाजूला पोचलाच नव्हता, तिथं मी फीलर गेजचं पातं घातलं, पाव मिलिमीटरचं सरळ आत गेलं. पाव मिलिमीटर म्हणजे अडीचशे मायक्रॉन. माणसाचा केस सत्तरच्या आसपास. म्हणजे कागद कितीका मायक्रॉनचा असेना, डिझेलला बाजूनं हायवे मोकळा होता. मालक बघतच राहिला, मग म्हणाला "साडेसातशे वाचवले होते राव ह्याच्यात".

बॉक्स नामांकित आणि माल डुप्लिकेट, हा प्रकार तुमच्या "कंपनीचा की बाहेरचा" ह्या प्रश्नापेक्षा मोठा आहे. चांगल्या ब्रँडचा बाहेरचा फिल्टर आणि शोरूमचा फिल्टर ह्यात फरक असला तरी तो गेजच्या पात्याएवढा नसतो. डुप्लिकेट मात्र दोन्हीचा निघतो, ट्रक कंपनीच्या डब्यातला सुद्धा. ओळखायचा कसा तर होलोग्राम हलवून बघा, क्यूआर असेल तर स्कॅन करा, पण तेवढ्यावर भागत नाही, स्टिकर छापणारे पण हुशार झालेत. मी डब्यापेक्षा फिल्टरचं पत्रं बघतो, बॅच नंबर पत्र्यावर आहे का, डब्यावरच्या एमआरपीच्या लेबलशी पॅकिंगचा महिना जुळतो का, आट्यात बुरा किंवा रंग आहे का, गॅस्केट खाचेत पूर्ण बसलंय का, तोंडाला टोपी किंवा सील आहे का, आणि हातात जोखून बघतो, हलका लागला की संशय. आणि बिल. जीएसटीचं बिल मागितल्यावर दुकानदार इकडं तिकडं बघायला लागला तर तिथनं निघा. आमच्याकडे जुना फिल्टर टाकताना खिळ्यानं भोक पाडतो आणि रिकामा बॉक्स फाडून टाकतो, कारण भंगारवाला चांगला बॉक्स वेगळा काढून ठेवतो हे डोळ्यानं बघितलंय.

आता एवढा बाऊ कॉमन रेललाच का, कारण तुमच्या बाजूला कुणीतरी म्हणेलच की "माझ्या वडिलांच्या जुन्या १६१३ ट्रकला आयुष्यभर लोकल फिल्टर घातले, काय नाय झालं". बरोबर आहे त्याचं. जुन्या गाडीला मायकोचा पंप (२००८ ला कंपनीचं नाव बॉश झालं तरी आमच्याकडं अजून मायकोच म्हणतात), पुढं दोन वाट्या, एक प्रायमरी एक सेकंडरी, आणि नोझल उघडतोय २००-२५० बारला. तिथंसुद्धा प्लंजर आणि बॅरलमधली फट दोन-तीन मायक्रॉनचीच असते, लॅप केलेलं काम असतं ते, तिथंही घाण गेली की चरे पडतातच, पण गाडी सहन करते, थोडं पिकअप कमी होतं, थोडा धूर मारते, मग मालक सवडीनं पंप उतरवतो, पंपाचा एलिमेंट (प्लंजर-बॅरलची जोडी) आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह नवे टाकून कॅलिब्रेशन करून देतो आम्ही, गाडी परत रस्त्यावर. कॉमन रेलला रेलमध्ये लोडला १,६०० ते २,००० बारपर्यंत दाब असतो, एका स्ट्रोकला इंजेक्टर दोन-तीनदा उघडझाप करतो, आणि आतल्या व्हॉल्व्हची सीट म्हणजे पेन्सिलीच्या टोकाएवढं काम. त्या सीटवर बारीक कण त्या दाबानं घासून गेला की वाळूचा फवारा मारल्यासारखी रेघ पडते, एकदा रेघ पडली की त्यातनं कायम गळती, आणि ती रेघ रोज मोठी होत जाते. नवा इंजेक्टर गाडीप्रमाणे १५ ते ३० हजाराला एक. सहा आहेत. आणि बीएस-६ ला अजून एक, इंजेक्टर टिपका सोडायला लागला की काजळी वाढते, डीपीएफ (सायलेन्सरकडचा काजळी धरणारा फिल्टर) भरतो, गाडी सारखी रिजनरेशन (ती काजळी जाळून साफ करणं) मागते, आणि मालक डीपीएफ साफ करून करून थकतो, मूळ दुखणं फिल्टरच्या डब्यात असतं.

म्हणून जुनी मेकॅनिकल पंपाची गाडी असेल तर शोरूमला जाऊच नका, कुठल्याही बऱ्या ब्रँडचा फिल्टर घाला आणि वेळेवर बदला, तिथं दुप्पट पैसे देणं म्हणजे हौस.

पाण्याचं वेगळं सांगतो, कारण पावसाळ्यात माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या गाड्या पाण्याच्या असतात. लोकांना वाटतं बीएस-६ डिझेल म्हणजे एकदम स्वच्छ. सल्फर कमी झालं हे खरं, बीएस-३ ला ३५० पीपीएम होतं, बीएस-४ ला ५०, आता १०. पण सल्फर काढताना डिझेलचा नैसर्गिक वंगणपणा पण जातो, मग त्यात अॅडिटिव्ह घालतात, थोडं बायोडिझेल मिसळलेलं असू शकतं, आणि ह्या गोष्टी पाण्याला धरून ठेवतात. पूर्वी पाणी डिझेलपासून वेगळं होऊन वाटीच्या तळाला बसायचं, खालचा बोल्ट सैल केला की भळकन निघायचं. आता ते इतक्या बारीक थेंबात डिझेलमध्ये फिरतं की साधा कागद त्याला अडवतच नाही. त्यासाठी तो पांढरट थर लागतो जो बारीक थेंब एकत्र करून मोठे करतो आणि खाली पाडतो, स्वस्त फिल्टरमध्ये पहिली काटछाट तिथंच होते कारण बाहेरून दिसत नाही. साधा कागद पाण्यानं मऊ पडतो, घड्या चिकटतात, आणि दाबानं फाटतोसुद्धा. पाणी इंजेक्टरपर्यंत गेलं तर टोकाला त्याची वाफ होते आणि टोक उडतं, असे टोक उडालेले दोन नोझल माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत, येणाऱ्याला दाखवायला ठेवलेत.

घरच्या घरी तपासायचं असेल तर सकाळी गाडी सुरू करायच्या आधी सेपरेटरचा (पाणी वेगळं करणाऱ्या प्रायमरी फिल्टरचा) ड्रेन उघडा, पारदर्शक बाटलीत पाव लिटर घ्या आणि पंधरा-वीस मिनिटं ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर पाणी, गढूळ धुक्यासारखं दिसलं तर मिसळलेलं पाणी, आणि ते जास्त वाईट. पाण्याचा दिवा लागला (स्कॅनरला एसपीएन ९७ हा कोड येतो) की लगेच थांबून ड्रेन करा, ड्रायव्हर लोक त्या दिव्यावर टेप चिकटवतात, हसू नका, बघितलंय. आणि हायवेला बायोडिझेलच्या नावानं जे स्वस्तात विकतात ते घालणार असाल तर कुठला फिल्टर घ्यायचा हा प्रश्न मला विचारू नका, त्याला फिल्टर नाही.

मग तुमच्या गाडीला मी काय घालीन? प्रायमरी म्हणजे चेसिसवरचा सेपरेटरवाला फिल्टर चांगल्या ब्रँडचा बाहेरचा घालीन, अट एकच, सेन्सर आणि वाटी बसायची जागा मूळ फिल्टरसारखीच पाहिजे आणि कॅटलॉगमध्ये तुमच्या मॉडेलचा बीएस-६ म्हणून वेगळा उल्लेख पाहिजे, बीएस-४ चा नंबर "तोच आहे" म्हणून देतील तो घेऊ नका. इंजिनवरचा सेकंडरी मात्र शोरूमचा, नायतर ज्यानं तो शोरूमला पुरवलाय त्याचा तोच नंबर. हे ओळखायला जुना ओरिजिनल फिल्टर जपून ठेवा, पत्र्यावर किंवा वरच्या प्लेटवर बऱ्याचदा बनवणाऱ्याचं नाव नायतर खूण असते.

पैशाचं बोलूया कारण शेवटी तेच असतं. तुमचा फरक १,७०० रुपयांचा. समजा २० हजार किलोमीटरला फिल्टर बदलताय (तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा, तोच धरा), तर किलोमीटरला साडेआठ पैसे. गाडी चारचं अॅव्हरेज देत असेल तर डिझेल ९० रुपये धरून किलोमीटरला साडेबावीस रुपये जळतात. त्या वीस हजारात पाच हजार लिटर डिझेल इंजिनात जळतं, आणि फिल्टरमधून तर त्याहून जास्त जातं कारण पंप जास्तीचं ओढतो आणि उरलेलं टाकीत परत पाठवतो. एवढं डिझेल ज्या कागदातनं जातंय त्याच्यावर साडेआठ पैसे. माझ्या सांगण्याप्रमाणे प्रायमरी बाहेरचा घेतलात तर तेही अर्ध्यावर येईल.

वॉरंटीत असणाऱ्या गाड्यांसाठी एक वेगळं, तुमची संपलीय पण वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला लागेल. स्पर्धा आयोगानं २०१४ साली १४ कार कंपन्यांना २,५४४ कोटींचा दंड लावला होता, सुटे पार्ट खुल्या बाजारात मिळू देत नाहीत म्हणून, आणि बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करायची नाही असंही त्यात होतं, पुढं ते अपिलात गेलं. पण ते कारचं प्रकरण. आणि कायदा काहीही म्हणो, इंजेक्टर गेल्यावर सर्विस सेंटरवाला पहिला हात फिल्टरलाच घालतो, आणि बाहेरचा दिसला की पुढचे सहा महिने तुम्ही मेल लिहीत बसणार आणि गाडी उभी. वॉरंटी किंवा एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) चालू असेल तोवर शोरूमचाच घाला आणि बिल फाईलला लावा, हुशारी नंतर.

आता बसवायचं, कारण चांगला फिल्टर घाणेरड्या हातानं बसवला तर साडेतीन हजार पाण्यात. माझ्याच हातनं झालेली चूक सांगतो, कॉमन रेल नवीन आलं होतं तेव्हाची. जुन्या सवयीनं मी नवा सेकंडरी घेतला, कॅनमधलं डिझेल मधल्या भोकातनं काठोकाठ ओतलं आणि फिरवून बसवला, एअर काढायचा त्रास वाचला म्हणून खूश. मधलं भोक म्हणजे गाळून झालेल्या डिझेलची बाजू. म्हणजे कॅनमधलं सगळं, तळाच्या गाळासकट, मी स्वतःच्या हातानं सरळ हायप्रेशर पंपाला पाजलं. दोनशे किलोमीटरवर गाडी परत आली आणि एक इंजेक्टर माझ्या खिशातनं गेला. तेव्हापासून सेकंडरी कोरडाच बसवतो आणि हँड प्रायमरनं दाबून दाबून भरतो, जिथं इलेक्ट्रिक पंप आहे तिथं इग्निशन तीन-चार वेळा ऑन-ऑफ करून. वेळ जातो, जाऊ दे. बसवायच्या आधी हेडच्या आजूबाजूची धूळ हवेनं आणि ब्रशनं काढा, कॉटन वेस्टनं हेडच्या आत पुसू नका, त्याचे धागे राहतात. गॅस्केटला स्वच्छ डिझेलचं बोट लावा, गॅस्केट टेकलं की हातानं अर्धा ते पाऊण फेरा, बास, पट्ट्याचा पाना घट्ट करायला नाही, सोडायला आहे.

आणि हात जोडून सांगतो, एअर काढायला कॉमन रेलचे पाइप सैल करून सेल्फ मारू नका. जुन्या गाडीला नोझलचे नट सैल करून एअर काढायची सवय सगळ्या मेस्त्र्यांच्या हातात बसलीय, इथं तो फवारा कातडी फोडून आत जातो, वरून टाचणीएवढं भोक दिसतं आणि आत डिझेल पसरलेलं असतं. तसं झालंच तर मलम लावत बसू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात जा.

हवा मारून किंवा डिझेलनं धुऊन परत घालणारे पण आहेत. स्पिन-ऑन धुवायचा नसतोच, वाटीतला सुटा कागदी फिल्टरसुद्धा हवेनं साफ केला की कागदाचे धागे फाकतात, दिसायला स्वच्छ आणि गाळायला चाळण. उलटं पण ऐका, चांगला फिल्टर दर पाच हजाराला बदलायचीही गरज नाही, नवा फिल्टर पहिल्या दिवशी सगळ्यात कमी गाळतो, थोडी घाण धरली की त्याची भोकं अजून बारीक होतात आणि तो जास्त चांगलं काम करतो, चोक व्हायच्या आत बदलला की झालं. फक्त क्रशरवर, खाणीत किंवा बॅरलनं डिझेल भरणाऱ्या साइटवर गाडी असेल तर मॅन्युअलच्या निम्म्या किलोमीटरवर बदला.

जाता जाता, आता जो फिल्टर काढाल तो फेकू नका, कापून कागद उलगडून बघा. काळा पडला असेल तर घाबरू नका, डिझेलमधलाच डांबरट अंश असतो तो, ठीक आहे. तांबूस पूड असेल तर टाकीत गंज आहे, टाकी उतरवून धुवा नायतर कुठलाही फिल्टर घाला, तो आठवड्यात भरणार. बुळबुळीत तपकिरी शेवाळासारखं असेल तर पाण्यात वाढलेले जंतू आहेत, तेव्हा पण टाकीच. आणि उन्हात धरल्यावर चकचकीत ठिपके दिसले, तर नवा फिल्टर घ्यायच्या आधी गाडी उभी करा आणि पंप बघून घ्या, कारण ती धातूची पूड आहे आणि ती परतीच्या पाइपनं टाकीत येऊन गोल गोल फिरतीय.